ऑक्टोबर लांब नाही!

आता काय सांगू तुम्हाला, आणि कुठल्या तोंडानं सांगू! चहा पाजताय म्हणून सांगतो, नाहीतर ही गोष्ट मी माझ्या सख्ख्या भावालाही सांगितलेली नाही. हसायचं तर हसा. फक्त आमच्या सुलूसमोर विषय काढू नका, एवढी मेहरबानी करा.

घाटकोपरला आमची चाळ. तीन मजली. गेटातून आत शिरलं की समोरच्या भिंतीवर एक मोठा काळा फळा. त्या फळ्याचा मी सर्वेसर्वा! नोकरी साकीनाक्याला, एका वर्कशॉपात स्टोअरकीपरची. दिवसभर नटबोल्ट आणि ग्रीस. पण संध्याकाळी घरी आलो की मी कलावंत. रंगीत खडूंचा डबा काढायचा आणि फळ्यावर काहीतरी रेखाटायचं. दसरा, संक्रांत, कुणाकडे बारसं, उद्या पाणी येणार नाही... सगळं सचित्र.

हा मान मला कसा मिळाला? तर मी चाळीत सांगून ठेवलं होतं, की शाळेत असताना मी ड्रॉइंगची इंटरमीजिएट परीक्षा 'ए' ग्रेडमध्ये पास झालोय. हे जरा लक्षात ठेवा. पुढे लागेल.

एक गोष्ट मात्र मला जन्मात जमली नाही. चेहरा! झाड काढीन, बैल काढीन, पण माणसाचा चेहरा काढला की तो भलत्याच कुणाचा तरी निघायचा. पंधरा ऑगस्टला एका थोर पुढाऱ्याचं चित्र काढलं, तर लोक म्हणाले, "शिरोडकर, आपल्या भंगारवाल्याला का काढलंत?" गोकुळाष्टमीला कृष्ण काढला. आमच्या चाळीचे सेक्रेटरी पेडणेकर चष्मा पुसून बघत राहिले. म्हणाले, "झकास! पण ही बाई कोण?"

मी मनावर घ्यायचो नाही. कलावंताला सहन करावं लागतं ना!

तर झालं असं. गिरण्यांच्या संपाला चारेक वर्षं होऊन गेली होती. जून महिना, दहावीच्या निकालाचा दिवस. आता त्या वेळी चाळीत निकाल कसा कळायचा, माहितीये ना? कोणी कोणाला विचारायचं नाही. पेढ्यावरून समजून घ्यायचं! पास झालेल्या पोराची आई दारोदार पेढे घेऊन फिरते. ज्या घरातून पेढा आला नाही, त्या घराकडे बघायचं नाही, त्या दारावरून जाताना चपलासुद्धा वाजवायच्या नाहीत. अशी आपली जुनी रीत.

आमच्या चाळीतून त्या वर्षी चौघं बसली होती. मी कामावरून आलो तेव्हा तिघांचे पेढे पहिल्या मजल्यापर्यंतच हातावर पडले. राहिली चौथी. सुलू सावंत, दुसरा मजला. दोन वेण्या, चौकोनी चष्मा, हनुवटीवर तीळ. हुशार पोर. तिचे वडील पूर्वी गिरणीत होते, संपात नोकरी गेली, मग आमच्याच साकीनाक्याला वॉचमन म्हणून लागले. त्या घरात दहावीपर्यंत पोचलेली ही पहिलीच. सगळ्या चाळीचं लक्ष तिच्याकडे.

दुसऱ्या मजल्यावर पोचलो आणि पाय थबकले. सावंतांचं दार अर्धं लोटलेलं. आत सुलूची आई पदर तोंडाला लावून रडतेय. बाहेर गॅलरीत सावंत खाली मान घालून बसलेत. संध्याकाळी साडेपाचला ओलं डोकं, खांद्यावर टॉवेल. आणि पेढा? नाव नको!

मी नुसत्या भुवया उडवून विचारलं, काय झालं? सावंतांनी एक हात वर आभाळाकडे केला आणि मान हलवली.

संपलं! पोर नापास!

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? आणखी एक मजला चढून आपल्या घरी गेला असता, बायकोला विचारलं असतं. मी काय केलं? मी तिथूनच उलटा खाली आलो. कारण माझ्यातला कलावंत जागा झाला होता. म्हटलं, तीन घरांत पेढे, एका घरात रडारड, हे बरं नाही. ह्या लेकराला धीर द्यायलाच पाहिजे. आणि मी कसा देणार? खडूनं!

पाऊण तास मी कुणाकडे बघितलं नाही. आधी भला मोठा जिना काढला. प्रत्येक पायरीवर लिहिलं, 'चूक', 'चूक', 'चूक'. वर लखलखीत पिवळा सूर्य. जिन्याच्या खालच्या पायरीवर एक मुलगी, गुडघ्यावर हात ठेवून उठू बघतेय. दोन वेण्या, चौकोनी चष्मा. हनुवटीवर तीळसुद्धा दिला! नाव लिहिलं नाही हं. तेवढी अक्कल आहे मला. खाली लाल खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं: 'चुकलीस? मग शीक! खचू नकोस! ऑक्टोबर लांब नाही!'

नापासांची परीक्षा ऑक्टोबरात असते ना, म्हणून.

दोन पावलं मागे सरकून बघितलं आणि सांगतो तुम्हाला, माझे डोळे भरून आले. आयुष्यात पहिल्यांदा चेहरा जमला होता!

तेवढ्यात पेडणेकर आले. फळा बघून जागीच उभे. "अरे! ही तर सुलू!"

"ओळखलीत?" मी जवळजवळ ओरडलोच.

"म्हणजे काय! हुबेहूब! पण... नापास झाली? अरेरे! मी वर जाऊन येतो हो, चाळीचा सेक्रेटरी म्हणून जायला पाहिजे."

पेडणेकर वर गेले. मी फळ्यासमोरून हललो नाही. कोण हलेल? आयुष्यभर ज्याची वाट बघितली तो चेहरा समोर होता. दहा-बारा जण आले, सगळ्यांनी ओळखलं, सगळ्यांनी "च्च च्च" केलं. मला ते "च्च च्च" टाळ्यांसारखं वाटत होतं. लाज वाटते आता हे सांगताना, पण खरं ते खरं.

मग आले एक पाहुणे. धोतर, काळी टोपी, हातात पत्र्याची छोटी ट्रंक. फळ्यासमोर थांबले, चित्राजवळ नाक नेऊन बघितलं.

"ह्यां आमचां सुलू मां?"

"तुम्हीसुद्धा ओळखलंत?" माझा आनंद गगनात मावेना. "आपण कोण?"

"मी तेचो मामा. कणकवलेसून इलंय, निकालासाठी." मग जरा थांबून म्हणाले, "म्हणजे नापास झालां?"

इथं तरी मी म्हणायचं ना, 'मला नक्की माहीत नाही, वर जाऊन विचारा'? छे! मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि भाषण सुरू केलं. "मामा, नापास म्हणू नका. ही एक पायरी आहे. चूक झाली, माणूस शिकला..."

मामा शांतपणे ऐकत होते. भाषण संपल्यावर म्हणाले, "बरां झालां, हयच समाजलां. आता वर जावन काय करू? भयण रडतली, भावोजी मान खाली घालतले. माका बघवचां नाय. साडेसातची एसटी गावता काय बघतंय. कुर्ल्याक कसां जावचां?"

"समोरून थेट बस आहे!" मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेलो. ट्रंक उचलून बसमध्ये ठेवली. वर हात हलवून टाटासुद्धा केला!

परत येतो तर फळ्यासमोर सुलू.

नुसती उभी होती. चित्राकडे बघत. इतकी जवळून, की चष्म्यावर खडूची धूळ बसलेली, पुसलीसुद्धा नव्हती. मी हळूच म्हटलं, "बाळा, रडू नकोस."

"काका," ती म्हणाली, "मी पास झालेय. एकाहत्तर टक्के."

"आम्हाला सुतक आहे. दुपारी गावाहून तार आली, भावकीतलं कोणीतरी गेलं. सुतकात पेढे कसे वाटणार? आई त्यासाठीच रडतेय. आमच्या घरात पहिल्यांदा कोणी दहावी झालं आणि देवापुढे साखरसुद्धा ठेवता येत नाही म्हणून." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, तुम्ही विचारलं का नाही?"

ओरडली असती तर बरं झालं असतं हो. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. तिनं नुसतं विचारलं. 'तुम्ही विचारलं का नाही?' आजही कुठं फळा दिसला की ते वाक्य आठवतं आणि कान गरम होतात.

वर काय गोंधळ झाला होता ते तिनंच सांगितलं. पेडणेकर जाऊन सावंतांच्या शेजारी बसले आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, "सावंत, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? ऑक्टोबरला पुन्हा बसेल!" सावंत बिचारे हबकले. म्हणाले, "पुन्हा कसा बसेल, पेडणेकर? काल जाळला त्याला!"

मला हसूही येईना.

"काका, मामा आला होता का?" सुलूनं एकदम विचारलं.

"आला होता. भला माणूस. त्यांनीसुद्धा चित्र ओळखलं. आत्ताच बसमध्ये बसवून दिलं त्यांना."

पोरगी पांढरीफटक पडली. "वर न येता? गेला? अहो काका, कणकवलीच्या एका दुकानदारानं मला मागणी घातलीय. बाबांचं आणि मामाचं ठरलं होतं. मी पास झाले तर कॉलेज. नापास झाले तर मामा परत जाऊन त्या लोकांना शब्द देणार. उद्या सकाळी!"

मेलो! मी स्वतःच्या हातानं त्याची ट्रंक बसमध्ये ठेवली होती!

"तू गुणपत्रिका घेऊन बाबांबरोबर कुर्ल्याच्या डेपोत ये, मी पुढे होतो!" असं ओरडत मी धावत सुटलो. रिक्षा पकडली. रिक्षावाला आरशातून सारखा माझ्याकडे बघत होता. बघणारच! केसांत पिवळा सूर्य, नाकाला लाल, शर्टावर अख्खा जिना.

कुर्ल्याच्या एसटी डेपोत कणकवलीची गाडी लागलेली. ड्रायव्हर चढतोय. मी सरळ आत घुसलो. मामा चौथ्या बाकावर, मांडीवर ट्रंक.

"मामा, उतरा! सुलू पास झालीय!"

मामांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "मगाशी तुमीच सांगलात नापास झालां म्हणान."

"चुकून सांगितलं!"

"मगे पेढे खय आसत?"

"सुतक आहे!"

"कोण गेलां?"

आली का पंचाईत! ते मी सुलूला विचारलंच नव्हतं. "कोणीतरी... गावचं... भावकीतलं..."

"कोणीतरी?" खिडकीजवळची एक बाई फिसकन हसली. "ह्याका गेलेल्याचां नाव म्हायत नाय, नि म्हणता पास झालां!"

सगळी एसटी आमच्याकडे बघायला लागली. कंडक्टर म्हणाला, "ओ साहेब, तिकीट घ्या नाहीतर उतरा."

मी दाराच्या दांड्याला मिठी मारली. "उतरणार नाही! मामा, माझं ऐका. ते चित्र खोटं आहे!"

मामांनी टोपी सारखी केली. "काय सांगतास! चेडवाक येवढां हुबेहूब काढलात. तीळसुद्धा सोडूक नाय. येवढो मोठो कलावंत खोटां कशाक सांगात?"

बघा आता! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला मोठा कलावंत म्हटलं, आणि कुठं? त्या पोरीचं कॉलेज आणि तिची सगळी पुढची वाट माझ्या त्या एका तिळावर अडकलेली असताना!

कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला. आणि मग माझ्या तोंडून ते बाहेर पडलं, जे मी बावीस वर्षं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"मी कलावंत नाही हो! मला चित्र येत नाही! इंटरमीजिएटला मी पास झालो नाही, दोनदा नापास झालो! दोन्ही वेळा स्मरणचित्रात! चाळीत थाप मारली मी, 'ए' ग्रेड म्हणून! मला माणसाचा चेहरा येत नाही! आज आला तो चुकून आला! त्या पोरीला मी काही न विचारता नापास केलं, मामा! तुम्हाला काय शिक्षा करायची ती करा, पण खाली उतरा!"

कंडक्टरचा हात दोरीवर तसाच.

मागून आवाज आला, "मामा, हे बघ."

दारात सुलू. हातात गुणपत्रिका. तिच्या मागे सावंत आणि, माझं नशीब बघा, सावंतांच्या मागे पेडणेकर! चाळीचे सेक्रेटरी म्हणून यायला नको का? तिघांनी माझं अख्खं भाषण ऐकलं होतं. पेडणेकरांचं तोंड उघडंच्या उघडं.

मामांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, प्रत्येक विषयावर बोट फिरवलं. मग ट्रंक उचलली आणि खाली उतरले. उतरून सुलूच्या डोक्यावर हात ठेवला आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. सावंतही रडायला लागले. मी एका बाजूला उभा होतो. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं, तेच बरं होतं.

सावंतांकडे सुतक म्हणून मामा जेवायला आमच्याकडे. माझी बायको मंदा वाढत होती आणि मामा पहिल्यापासून सगळं रंगवून सांगत होते. इंटरमीजिएट आलं तेव्हा मंदाच्या हातातला डाव आमटीत तसाच राहिला.

"दोनदा?" तिनं विचारलं.

"दोनदा," मी ताटाकडे बघत म्हटलं.

"आणि सावंतांकडच्या सुतकाचं मला दुपारपासून माहीत होतं. एक मजला वर येऊन विचारायचं होतंत!"

दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो. म्हटलं, चाळ जागी व्हायच्या आत फळा पुसून टाकू. ओलं फडकं घेऊन खाली गेलो, तर सुलू आधीच तिथं. फळ्याला पाठ लावून उभी.

"पुसायचं नाही," ती म्हणाली.

"अगं, लाज वाटते मला ह्याची!"

"चित्र चांगलंय काका. जिना चांगलाय, सूर्य चांगलाय. लिहिलंय तेही खरंच आहे. फक्त चेहरा बदला."

"कुणाचा काढू?"

तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं.

काढला! दुसरं काय करणार? वेण्या पुसल्या, टक्कल काढलं, मिशी काढली, 'चुकलीस'चं 'चुकलास' केलं. पेडणेकर आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "आता हा कोण? भंगारवाला?"

सुलूनं माझ्या हातातून खडू घेतला. नाक जरा लांब केलं, मिशीचं एक टोक खाली ओढलं, खिशाला पेन लावलं. तीन रेघा! वरच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "अरे, शिरोडकर!"

आणि हे सुतक फिटेपर्यंत पुसायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं. दहा दिवस! दहा दिवस मी गेटातून आत-बाहेर करताना स्वतःला खालच्या पायरीवर बसलेला बघत होतो. दूधवाला भैया थांबून म्हणायचा, "साब, टेन्सन नहीं लेने का." पोस्टमन म्हणाला, "ऑक्टोबरला बसा की!" अकराव्या दिवशी सावंतांच्या घरून पेढे आले. पहिला पेढा सुलूनं माझ्या हातावर ठेवला. तो मी तसाच नेऊन आधी देवापुढे ठेवला हो. खरंच सांगतो.

पण पोस्टमनचं ते बोलणं मंदाच्या डोक्यात बसलं. एका ड्रॉइंगच्या मास्तरांना गाठून तिनं मला बाहेरून इंटरमीजिएटचा फॉर्म भरायला लावला. बसलो! चाळिशीचा गडी, आजूबाजूला हाफ पॅन्टमधली पोरं, बाकात गुडघे मावेनात. स्मरणचित्राचा विषय आला 'शाळेतील बक्षीस समारंभ'. मी जीव ओतून काढलं. हेडमास्तर, पाहुणे, बक्षीस घेणारी मुलगी. सगळ्यांचे चेहरे काढले.

मग एक दिवस निकाल लागला. संध्याकाळी मी खाली मान घालून जिना चढत होतो. दुसऱ्या मजल्यावर सुलू कॉलेजची पुस्तकं घेऊन उभी. तिनं माझ्याकडे बघितलं, माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं, आणि रीत मोडून सरळ विचारलं.

"काका, निकाल लागला ना? पेढे कुठेत?"

मी म्हटलं, "आमच्याकडे सुतक आहे."